घसा बसतो तेव्हा नेमके काय बसते?

आवाज घोगरा झाला की आपण म्हणतो, 'घसा बसला.' मग घरोघरी तेच उपाय सुरू होतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आल्याचा चहा, खडीसाखर, मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्या. बहुतेक वेळा आठवड्याभरात आवाज सुटतो आणि विषय संपतो. पण काही वेळा तो सुटत नाही. महिना जातो, दोन महिने जातात. दुखत नाही, ताप नाही, कामावर जाणे चालू आहे, म्हणून कोणी लक्ष देत नाही. रस्त्यात जय भीम घालणारा विचारतो, "आवाजाला काय झालं?" उत्तर ठरलेले असते, "काही नाही, घसा बसलाय."

त्या 'काही नाही'बद्दल या महिन्याच्या पानावर आम्ही लिहीत आहोत. आवाज कुठे तयार होतो आणि कसा तयार होतो हे एकदा समजले, तर कोणता बसलेला आवाज घरी बरा होईल आणि कोणता दवाखान्यात दाखवावा लागेल, हे आपले आपल्याला ओळखता येते.

हाताने चाचपून पाहा

हनुवटीखाली मधोमध बोट ठेवा आणि हळूहळू खाली सरकवा. एक कडक उंचवटा लागेल. पुरुषांमध्ये तो बाहेरूनही दिसतो. त्याला कंठमणी म्हणतात. बोट तिथेच ठेवून थुंकी गिळा. उंचवटा वर जाऊन परत खाली आला ना? हेच तुमचे स्वरयंत्र.

ते हाडांचे नसून कूर्चांचे बनलेले असते. आपल्या कानाचा वरचा भाग दुमडला तर जसा लवचीक लागतो, तशी कूर्चा असते. पुढे दोन पाट्या एकमेकींना जोडून ढालीसारखी मोठी कूर्चा तयार झालेली असते. कंठमणी म्हणजे त्या जोडाचे टोक. पुरुषांत या पाट्या साधारण काटकोनात भेटतात म्हणून टोक पुढे येते. स्त्रियांत कोन रुंद असतो, म्हणून कंठमणी दिसत नाही. ढालीच्या खाली बोटाला एक छोटा खळगा लागतो आणि त्याच्याखाली एक कडे. ही अंगठीसारखी कूर्चा. अंगठीचा खड्याचा रुंद भाग मागे आणि अरुंद भाग पुढे अशी तिची ठेवण असते. तिच्याखाली श्वासनलिका सुरू होते आणि श्वासनलिकेच्या मागे अन्ननलिका असते.

या ढालीच्या आत, समोरून मागे, दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असले तरी ते तारेसारखे ताणलेले धागे नाहीत. ते मऊ, पांढरट, ओलसर पडदे आहेत. आत स्नायू, त्यावर जेलीसारखा मऊ थर आणि सर्वांत वर पातळ त्वचा. पुढच्या बाजूला दोन्ही एकाच ठिकाणी चिकटलेले असतात. मागच्या बाजूला प्रत्येक तंतू एका छोट्या हलत्या कूर्चेला जोडलेला असतो. त्या कूर्चा बाजूला सरकल्या की तंतूंमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट पडते. जवळ आल्या की फट बंद होते. मोठ्या पुरुषाचे तंतू साधारण दोन सेंटिमीटर लांब असतात. स्त्रियांचे त्याहून थोडे आखूड. एवढ्याशा दोन पडद्यांवर आपले सगळे बोलणे-गाणे उभे आहे.

आधी राखणदार, मग गायक

स्वरयंत्राचे पहिले काम आवाज काढणे नाही, ते फुप्फुसांची राखण करते. घशात हवेची आणि अन्नाची वाट काही अंतर एकच असते. तिथून पुढे हवा श्वासनलिकेत आणि घास अन्ननलिकेत गेला पाहिजे. आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याच्या वरचे पानासारखे झाकण मागे झुकते आणि स्वरतंतू घट्ट मिटतात. घास मागच्या वाटेने निघून जातो. जेवताना बोललो किंवा हसलो की दार उघडे राहते, पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने जातो आणि ठसका लागतो. ठसका म्हणजे राखणदाराने घुसखोराला बाहेर काढणे.

म्हणूनच लहान मुलांना शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके खेळता खेळता देऊ नयेत. झोपलेल्या किंवा शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आवाज निघण्यासाठी हवा लागते. घास अडकलेला माणूस खोकत असेल, बोलू शकत असेल, तर थोडी हवा जात आहे, त्याला खोकू द्या. पण त्याचा आवाजच निघत नसेल, खोकताही येत नसेल, तर वाट पूर्ण बंद झाली आहे. त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या आणि दुसऱ्याला मदत बोलवायला पाठवा.

पेटी कशी वाजते, गळा कसा वाजतो

विहारात किंवा गायन पार्टीत पेटी वाजताना आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भाता हलला की हवा पेटीत शिरते, ती हवा आतल्या पितळी पट्टीवरून जाते, पट्टी थरथरते आणि सूर निघतो. आपल्या शरीरात भाता म्हणजे फुप्फुसे, आणि पट्टीच्या जागी दोन स्वरतंतू.

नुसता श्वास घेताना तंतू दूर असतात, म्हणून आवाज होत नाही. बोलायचे ठरवले की ते जवळ येऊन वाट बंद करतात. खालून येणारी हवा दाब वाढवते आणि त्यांना दूर ढकलते. फटीतून हवा वेगाने निसटली की तिथला दाब कमी होतो, तंतूंचा स्वतःचा लवचीकपणाही त्यांना मागे ओढतो, आणि ते पुन्हा मिटतात. पुन्हा दाब, पुन्हा उघडझाप. मोठ्या पुरुषाच्या साध्या बोलण्यात ही उघडझाप सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा होते, स्त्रीच्या बोलण्यात साधारण २०० वेळा, लहान मुलांत त्याहून जास्त. सेकंदाला २०० म्हणजे सलग सूर धरला तर एका मिनिटात १२,००० वेळा तंतू एकमेकांवर आपटतात. प्रत्येक स्नायूला आकुंचन पावायला लावून एवढ्या वेगाने हे होऊ शकत नाही. तंतू जवळ आणण्याचे काम स्नायू करतात, त्यांना थरथरवते ती हवा.

पेटीत प्रत्येक सुराची पट्टी वेगळी असते. आपल्याकडे तंतूंची एकच जोडी आहे. मग सा आणि वरचा सा कसे निघतात? ढालीची कूर्चा आणि अंगठीची कूर्चा एकमेकींवर बिजागरीसारख्या हलतात. त्या हलल्या की तंतू ताणले जातात, लांब आणि पातळ होतात, आणि सूर चढतो. सैल सोडले की सूर उतरतो. आवाज मोठा करायचा तर खालून हवेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की तंतू जास्त जोराने आपटतात.

मुलगा बारा-पंधरा वर्षांचा झाला की त्याचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. तंतू लांब आणि जाड होतात. नव्या मापाच्या यंत्राची सवय होईपर्यंत आवाज मध्येच फाटतो, मध्येच बारीक होतो. हा आजार नाही. त्याची चेष्टा करू नये आणि या काळात त्याला जोर लावून वरच्या पट्टीत गायला लावू नये.

सूर गळ्यात, अक्षर तोंडात

तंतूंपाशी जो आवाज निघतो तो नुसती गुणगुण असतो. त्याला घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्या भरदारपणा देतात. आणि त्याची अक्षरे बनवतात जीभ, टाळू, दात आणि ओठ. आपली मुळाक्षरे याच क्रमाने लावलेली आहेत. क-ख-ग म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलला जातो, त-थ-द म्हणताना जीभ दातांना लागते, प-फ-ब म्हणताना ओठ मिटतात. मागून पुढे येत येत वर्णमाला ओठांवर पोहोचते.

मुलांबरोबर एक प्रयोग करा. गळ्यावर हात ठेवा आणि लांब 'मऽऽऽ' म्हणा. हाताला थरथर लागेल. आता लांब 'सऽऽऽ' म्हणा. थरथर नाही. 'स'मध्ये स्वरतंतू थरथरत नाहीत, फक्त हवा जिभेजवळून घासून जाते. म्हणजे बोलण्यात दोन कामे आहेत. सूर गळ्यात बनतो आणि उच्चार तोंडात होतो. कोणाचे बोलणे अचानक बोबडे झाले, तोंड वाकडे झाले, तर तो गळ्याचा दोष नसून मेंदूचा झटका असू शकतो. तिथे एक तासही वाट पाहायची नसते.

आवाज बसतो म्हणजे काय होते

तंतू सरळ कडेने एकमेकांना पूर्ण भेटले तर आवाज स्वच्छ येतो. कडेवर सूज आली, गाठ आली किंवा एक तंतू हललाच नाही, तर फट राहते. त्या फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा, चिरका किंवा फुसका येतो. 'घसा बसला' याचा खरा अर्थ एवढाच. कारणे मात्र अनेक आहेत.

सर्वांत जास्त दिसते ती सर्दी-खोकल्याने आलेली सूज. ती बहुधा विषाणूंची असते, त्यावर अँटिबायोटिक गोळ्यांचा उपयोग होत नाही. विश्रांतीने ती एक-दोन आठवड्यांत उतरते.

दुसरे कारण, आवाजावर पडणारा ताण. भाजीची गाडी फिरवणारा, रद्दी-भंगार गोळा करणारी बाई, साठ मुलांच्या वर्गात शिकवणारे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि एप्रिल महिन्यात एका रात्री दोन-दोन कार्यक्रम करणारे आपले गायन पार्टीचे गायक, या सगळ्यांचे तंतू दिवसभर जोराने आपटत असतात. आपटून आपटून तंतूंच्या कडेला, पुढच्या बाजूला, समोरासमोर दोन बारीक घट्टे पडतात. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला पडतात तसेच. हे घट्टे म्हणजे कॅन्सर नाही. आवाजाची विश्रांती आणि आवाज लावण्याची योग्य पद्धत शिकून घेतली तर बहुतेकांचे ऑपरेशनशिवाय बरे होतात.

तिसरे कारण आम्लपित्त. उशिरा जेवून लगेच आडवे झाले की पोटातील आम्ल घशापर्यंत येते आणि तंतूंना मागच्या बाजूने सूज आणते. सकाळी उठल्यावर आवाज जड असणे, सतत खाकरावेसे वाटणे, ही त्याची खूण.

चौथे, टीबी. तो फुप्फुसांतून स्वरयंत्रात येऊ शकतो. आवाज बसलेला आहे आणि सोबत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत.

पाचवे, नसेचा दोष. डाव्या स्वरतंतूची नस थेट गळ्यात न येता आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर येते. म्हणून छातीतल्या गाठीनेही आवाज बसू शकतो. थायरॉईडची गाठ किंवा तिचे ऑपरेशन यानेही या नसेला धक्का लागू शकतो.

आणि सहावे, ज्याच्यासाठी हा लेख लिहिला, तो स्वरयंत्राचा कॅन्सर.

तीन आठवड्यांची मर्यादा

विडी-सिगारेटचा प्रत्येक झुरका फुप्फुसात जाताना स्वरतंतूंच्या मधून जातो. वर्षानुवर्षे त्या धुराने पडद्यावरची पातळ त्वचा बदलत जाते. सोबत दारू असेल तर धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. गुटखा, तंबाखू आणि मशेरी यांचा पहिला मारा तोंडावर होतो, पण घसाही सुटत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी कुठे मिळते हे वस्तीतल्या पोरालाही माहीत असते. म्हणून बंदीवर विसंबून चालत नाही, घरातच ठरवावे लागते.

या कॅन्सरबद्दल एक गोष्ट मात्र माणसाच्या बाजूची आहे. गाठ स्वरतंतूवर असेल तर ती ज्वारीच्या दाण्याएवढी असतानाच आवाज बदलते, कारण तेवढ्यानेही तंतू नीट मिटत नाहीत. शिवाय स्वरतंतूंमध्ये लसीकावाहिन्या फार कमी असतात, त्यामुळे कॅन्सर तिथून लवकर पसरत नाही. म्हणजे शरीर लवकर सांगते आणि वेळही देते. या पहिल्या टप्प्यात किरणोपचाराने किंवा छोट्या ऑपरेशनने बहुतेक रुग्ण बरे होतात आणि त्यांचा आवाजही राहतो.

तोच वेळ 'काही नाही'मध्ये गेला तर संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पाळी येऊ शकते. हे ऑपरेशन कॅन्सरसाठी प्रथम केले ते थिओडोर बिलरोथ यांनी, व्हिएन्नामध्ये, १८७३ साली. त्यात श्वासाची वाट गळ्याला छिद्र करून बाहेर काढतात. माणूस जगतो, पण तंतू गेल्यामुळे सूर जातो. जीभ आणि ओठ शाबूत असल्याने उच्चार राहतात, म्हणून झडप बसवून किंवा गळ्याला लावायच्या यंत्राने नवा सूर पुरवता येतो. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी बोलणे संपले असे मानू नये. पण ही वेळ टाळता येत होती, हे दुःख मोठे असते.

म्हणून नियम साधा ठेवू या. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचे. विडी, तंबाखू, दारू यांपैकी काही असेल तर तीन आठवड्यांचीही वाट पाहू नये. गिळताना दुखणे, एकाच कानात ठणका, मानेत गाठ, थुंकीत रक्त, यांतले काही असेल तर लगेच जायचे. स्वरतंतूंच्या वर सुरू झालेला कॅन्सर आवाज उशिरा बदलतो, तो या खुणांनी ओळखू येतो. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, दम कोंडू लागला, तर रात्र असो की दिवस, तडक मोठे हॉस्पिटल गाठायचे.

'दुर्बीण' म्हणजे ऑपरेशन नव्हे

तपासणीला लोक घाबरतात. "दुर्बीण टाकणार" म्हटले की घरी परत येतात. खरे तर ही काही मिनिटांची तपासणी आहे. घशात छोटा आरसा धरून किंवा नाकातून बारीक लवचीक नळी घालून डॉक्टर तंतू पाहतात. कुठे कापत नाहीत, भरती व्हावे लागत नाही. आरशाची ही युक्ती एका गायनशिक्षकाची आहे. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली दातांच्या डॉक्टरांचा आरसा, आणखी एक आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी ती निरीक्षणे मांडली. त्यांनी शंभरी ओलांडली.

जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घशाची ओपीडी असते. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात मोफत उपचाराची सोय आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रोजंदारी बुडेल म्हणून तपासणी टाळू नका. एक खाडा परवडतो, पुढचे महिने परवडत नाहीत.

आवाज जपायचा तर

पाणी थोडे थोडे दिवसभर प्या. प्यायलेले पाणी, मध किंवा ज्येष्ठमध तंतूंवरून जात नाही, ते मागच्या वाटेने अन्ननलिकेत जाते. पण शरीरात पाणी पुरेसे असले की तंतू ओलसर राहतात. साध्या पाण्याची वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तंतूंपर्यंत पोहोचते. वाफ घेताना भांडे मुलांपासून दूर आणि स्थिर जागी ठेवा.

घसा बसला असताना कुजबुजत बोलू नका. जोर लावून कुजबुजल्याने ताण उलट वाढतो. हळू, साध्या आवाजात आणि कमी बोला. सारखे खाकरू नका, त्याऐवजी घोटभर पाणी गिळा.

स्पीकरच्या गोंगाटात माणूस नकळत ओरडून बोलतो. डीजेशेजारी उभे राहून गप्पा मारू नका. गायकांनी माइकवर विश्वास ठेवावा, स्वतःला न झेपणारी पट्टी धरू नये, सर्दी असताना कार्यक्रम घेऊ नये. 'आवाज खुलण्यासाठी' कोणी दिलेल्या अनोळखी गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नये. सूज तात्पुरती दबते, तंतूंवरचा मार चालूच राहतो.

लहान मुलांच्या लसी चुकवू नका. घटसर्प हा आजार स्वरयंत्रापर्यंत पसरून श्वासाची वाट बंद करतो. त्यापासून बचाव करणारी लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते. पुढचे डोसही तितकेच महत्त्वाचे आहेत.

आवाज बसणे हे नजर लागल्याने होत नाही आणि अंगाऱ्याने जात नाही. त्याला कारण असते आणि ते कारण पाहता येते. आज घरातल्या प्रत्येकाचा आवाज एकदा लक्ष देऊन ऐका, विशेषतः विडी ओढणाऱ्या वडीलधाऱ्यांचा. महिन्यापूर्वीपेक्षा तो वेगळा वाटला, तर पुढच्या आठवड्यात त्यांना एकटे पाठवू नका. सोबत जा.